वय झालं होतं, पण माणूस आपलं होतं : आजी-आजोबांच्या जाण्याचं दुःख

मातीला आलेले पाहुणे निघताना बहुतेक एकच सांगून जातात. "भरल्या घरातून गेले, पोराबाळांचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. सोनं झालं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मराठवाड्यातल्या गावांनी ऐन उमेदीतल्या माणसांची मरणं पाहिलेली आहेत. त्यामुळे नव्वदीला टेकून, घरच्या अंथरुणावर, माणसांच्या गराड्यात आलेलं मरण लोकांना मनापासून चांगलं वाटतं. पण हे ऐकून नातू किंवा नात गप्प होते. सगळे सोनं झालं म्हणत असताना आपल्यालाच एवढं का लागलंय, हे विचारायचं कुणाला?

माणूस का गेला, याचं उत्तर वयात मिळतं. मागे राहिलेल्याला किती दुःख व्हावं, याच्याशी वयाचा संबंध फार थोडा असतो. सहवास किती रोजचा होता, त्या माणसानं आपल्यासाठी कोणतं काम केलं होतं, शेवटचे दिवस कसे गेले आणि नात्यात काही बोलायचं राहून गेलं का, यावर ते ठरतं. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या आजोबांसाठी दोन दिवस वाईट वाटून नातू कामाला लागला, तर तो कोरडा ठरत नाही. आणि त्याच घरातली दुसरी नात वर्षभर सावरली नाही, तरी ती नाटक करत नसते.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगंमागं कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. ज्यांची पोरं सोबत नेली जात नाहीत, ती या पाच-सहा महिन्यांत म्हाताऱ्या माणसांजवळ राहतात. त्यांना आजी भाकरी करून घालते, आजोबा शाळेत सोडतात, ताप आला तर रात्री उशाशी तीच दोघं बसतात. अशा पोराची आजी गेली तर कागदावर आजी गेलेली असते, पण त्याच्या जगण्यातून आईची जागा रिकामी होते. पाहुणे मात्र सांत्वन करतात ते त्याच्या बापाचं, कारण आई बापाची गेलेली असते. पोराजवळ कुणी बसत नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ही राहावी: घरात मरण झालं की त्या माणसाच्या हाताखाली कोण वाढलं, ते आधी पाहा.

दुःख नेमकं कसं चालतं

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं: नकार, राग, घासाघीस, निराशा, स्वीकार. ही मांडणी 1969 सालची. ती करणाऱ्या डॉक्टरबाईंनी ज्यांना स्वतःला असाध्य आजार झालाय अशा रुग्णांशी बोलून ती केली होती. मागे राहिलेल्यांवर ती पुढे चिकटवली गेली. त्यामुळे "मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का" किंवा "स्वीकार झाला होता, मग आज पुन्हा रडू का आलं" असे प्रश्न मनात धरून बसू नका. दुःख या क्रमानं चालत नाही.

त्यापेक्षा 1999 साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी मांडलेली समजूत अनुभवाशी जास्त जुळते. त्यांच्या म्हणण्यानुसार मन दोन कामांत ये-जा करत असतं. एकदा ते गेलेल्या माणसाकडे वळतं: आठवणी, रडू, फोटो. नंतर ते पुढच्या जगण्याकडे वळतं: पेरणी, परीक्षा, आबांचं काम आता कोण करणार. दिवसातून अनेकदा ही ये-जा होते. म्हणूनच सकाळी हुंदके देणारी नात संध्याकाळी मैत्रिणीशी हसून बोलताना दिसते. तिला "इतक्यात विसरलीस?" म्हणणं हा अन्याय आहे. ज्याचं मन एकाच बाजूला अडकून पडतं, त्याची काळजी करायची. जो महिनोनमहिने आठवणीतून बाहेरच येत नाही त्याची, आणि जो कामात बुडून आठवणीला जवळच फिरकू देत नाही त्याचीही.

पहिले काही आठवडे शरीरही बोलतं. झोप मोडते, घास घशाखाली उतरत नाही, छातीवर दडपण येतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही. ओसरीवर काठी टेकल्याचा आवाज आला, खोकला ऐकू आला, पानाच्या चंचीचा वास आला, असं अनेकांना वाटतं. यानं घाबरून जाऊ नका, डोकं फिरल्याचं हे लक्षण नाही. वर्षानुवर्षे जो आवाज ठरलेल्या वेळी यायचा, त्याची मेंदू वाट पाहत असतो. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करत बसलं की लहान मुलं मात्र खरोखर भेदरतात.

दुःख लाटेसारखं येतं. लाट कधी येणार याचा थोडा अंदाज बांधता येतो: पहिला पोळा, पहिली दिवाळी, पितृपक्ष, वर्षश्राद्ध, नातीचा दहावी-बारावीचा निकाल, कापूस विकून आल्यावर पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो क्षण. त्या दिवशी काय करायचं हे घरच्यांनी आधी ठरवलं तर लाट झेपते. दिवाळी करायची की नाही, केली तर किती, हे आदल्या दिवशी भांडून ठरवण्यापेक्षा पंधरा दिवस आधी एकत्र बसून ठरवा.

शेवटचे महिने आणि मनातली बोच

म्हातारं माणूस सहसा एका दिवसात जात नाही. आधी खुब्याचं हाड मोडतं किंवा अर्धांगवायू होतो, कधी स्मृतिभ्रंशात नातवाचं नावच आठवेनासं होतं. अशा घरात दुःख मरणाच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेलं असतं. मग माणूस गेला की रडू यायच्या आधी सुटल्यासारखं वाटतं आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटते. सुटका वाटणं म्हणजे मरण हवं होतं असं नाही. रात्री तीन-तीनदा उठणं, अंथरूण बदलणं, पाठीच्या जखमा धुणं हे थांबलं, याची ती सुटका असते. प्रेम आणि थकवा एकाच माणसाबद्दल, एकाच वेळी असतात.

सगळ्यांत खोल रुतणारी बोच जेवणाची असते. "शेवटचे आठ दिवस म्हातारीनं अन्न घेतलं नाही, आपण उपाशी मारलं." हे नीट समजून घ्या. आयुष्य संपत आलेलं शरीर हळूहळू बंद होत जातं, तशी भूक आणि तहान कमी होते. पचवायची ताकद राहिलेली नसते. खाणं थांबल्यामुळे मरण आलं असं नसून, मरण जवळ आल्यामुळे खाणं थांबलेलं असतं. गिळायची ताकद गेलेल्या माणसाला बळंच भरवलं, तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ओल्या कापसानं ओठ आणि जीभ ओली ठेवणं, कूस बदलत राहणं, हात धरून बसणं हीच त्या वेळची योग्य सेवा असते. शेवटी येणारी घशातली घरघर ऐकून घरच्यांचा जीव कासावीस होतो. घशात साठलेली थुंकी गिळता किंवा खोकून काढता येत नाही, म्हणून ती येते. बेशुद्धीतल्या माणसाला तिचा त्रास जाणवत नसावा, असं जाणकार डॉक्टर मानतात.

दुसरी बोच मोठ्या दवाखान्याची. "संभाजीनगरला नेलं असतं तर?" की उलट, "नळ्या घालून हाल केले, घरीच ठेवायला हवं होतं." दोन्ही वाक्यं एकाच घरात दोन भावांच्या तोंडी असतात आणि त्यावरून अबोला होतो. निर्णय त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर घेतलेला असतो. शंका फारच छळत असेल, तर उपचार केलेल्या डॉक्टरांना महिन्याभरानं कागदपत्रं घेऊन भेटा आणि सरळ विचारा: दुसरं काही केलं असतं तर फरक पडला असता का? हा प्रश्न विचारण्यात चूक काही नाही, आणि बहुतेक वेळा त्यानं मन हलकं होतं.

तेरा दिवस आणि चौदावा

रूढीतल्या काही गोष्टी दुःखाला खरंच आधार देतात. पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, भाऊबंद पिठलं-भाकरीचा कडू घास घेऊन येतात. बायका गळ्यात पडून, हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाचे गुण मोठ्यानं बोलून रडतात आणि त्या रडण्याला कुणी थांबवत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडणं, मग गोदाकाठी पैठण, राक्षसभुवन, गंगाखेड किंवा नांदेडला जाऊन विसर्जन, दहावा, तेरावा. लिंगायत घरांत देह पुरतात, बौद्ध घरांत जलदान विधी होतो, मुसलमान घरांत जियारत आणि चाळीसावा. वाटा वेगळ्या असल्या तरी रोजचं एक काम ठरलेलं आणि सोबतीला माणसं, ही व्यवस्था सगळीकडे आहे.

बिघडतं ते चौदाव्या दिवशी. पाहुणे जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि घर रिकामं होतं. अनेकांना खरं दुःख तेव्हा सुरू होतं. म्हणून ज्याला मदत करायची आहे, त्यानं दहाव्याच्या गर्दीत भर घालण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यावं, तासभर बसावं. काय बोलावं सुचत नसेल तर गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट सांगावी. "आबांनी आमच्या विहिरीचं पाणी दाखवलं होतं" हे वाक्य "धीर धरा" पेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावरच कुजबुज सुरू होते: म्हातारीचं काय राहिलं? मग नातीच्या लग्नाचं वचन, शेताच्या वाटणीचं वचन, कुणाच्या तरी चुकीची आठवण. कावळा येणं-न येणं हे त्या वेळी आसपास किती कावळे आहेत, त्यांचं पोट भरलंय का, माणसांची गर्दी किती जवळ आहे यावर असतं. कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिवण्याची सोय रूढीनंच ठेवलेली आहे. ती वापरा, माणसं मागे सरका, पण कुणाच्या माथी दोष मारू नका. सतरा-अठरा वर्षांच्या नातीला "तुझ्या लग्नात जीव अडकलाय" असं त्या घाटावर ऐकवलं, तर ते ओझं ती वर्षानुवर्षे वाहते.

नात स्मशानात येते म्हणाली तर तिला येऊ द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरची रूढ अगदीच आड येत असेल, तर देह हलवण्याआधी तिला पाच मिनिटं एकटीला जवळ बसू द्या.

पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब असलेल्या नातवंडांची माती हुकते. सकाळी गेलेल्या माणसाला दुपारी अग्नी दिला जातो, गाडी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. अंत्ययात्रेचा व्हिडिओ कॉल काहींना आधार देतो, काहींच्या मनात ते दृश्य नको तसं रुतून बसतं. म्हणून आधी विचारा, न विचारता लावू नका. उशिरा आलेल्यानं राख सावडायला, विसर्जनाला थांबावं किंवा वर्षश्राद्धाचं एखादं काम अंगावर घ्यावं. निरोपाचं काम हातानं केलं की "मी नव्हतोच" ही सल कमी होते. नोकरीत असाल तर रजेचे नियम आधी पाहून ठेवा. खासगी नोकरीत दुखवट्याची वेगळी रजा कायद्यानं सक्तीची नाही, आणि जिथं मिळते तिथं "जवळचे कुटुंबीय" या यादीत आजी-आजोबा अनेकदा नसतात.

लहान मुलांना काय सांगायचं

"आबा झोपलेत", "देवानं नेलं", "गावाला गेलेत" ही तीन वाक्यं टाळा. झोपलेत म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं, देवानं नेलं म्हटलं की देवाला घाबरतं, आणि गावाला गेलेत म्हटलं तर फाट्यावर वाट पाहतं. असं सांगा: "आबा खूप म्हातारे झाले होते, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत." पाच वर्षांखालच्या मुलाला "परत नाही" हे एकदा सांगून कळत नाही. ते पुन्हा पुन्हा विचारेल, तितक्याच वेळा तेच उत्तर द्या. नऊ-दहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना मरण सगळ्यांना आहे हे उमगतं, मग भीती वळते आईबापांकडे. कोयत्यावर गेलेल्या आईबापांच्या मुलाला तर "आता मला कोण सांभाळणार" हे उत्तर आधी हवं असतं. ते नाव घेऊन द्या: "आजपासून काकूकडं जेवायचं, रविवारी संध्याकाळी आईचा फोन येईल." शाळेतल्या गुरुजींना घरचं कुणीतरी भेटून सांगा. वर्गात लक्ष नसणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, पोट दुखतंय म्हणणं ही मुलांची दुःख सांगायची रीत आहे, त्यावर मार देऊ नका.

मागे राहिलेली आजी

आजोबा गेल्यावर सगळ्यांत धोक्यात असते ती आजी, आणि आजी गेल्यावर आजोबा. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत म्हाताऱ्या माणसाच्या मरणाचं प्रमाण वाढतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. दुःखाबरोबर साध्या गोष्टीही त्याला कारण असतात. गर्दीत तिच्या गोळ्यांची डबी कुणीतरी फळीवर सरकवते. ती नुसत्या चहावर दिवस काढते. मधुमेहाची गोळी घेतली, पण पोटात अन्न नाही, अशा वेळी रक्तातली साखर एकदम उतरते: घाम, थरथर, बडबड. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. छातीत दुखणं, दम लागणं हे "दुःखानं होतंय" म्हणून सोडू नका. जबर धक्क्यानं हृदय तात्पुरतं कमजोर पडण्याचा एक खरा आजार आहे, तो मुख्यतः वयस्क बायकांनाच होतो. आणि चांगली शहाणी आजी एकाएकी असंबद्ध बोलायला लागली, तर लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी होणं, हे आधी तपासायला हवं. गोळ्यांची जबाबदारी पहिल्याच दिवशी एका माणसाकडे, नाव घेऊन द्या.

सुनेचंही बोलायला हवं. जिनं वर्षानुवर्षे सासऱ्यांना हातानं भरवलं, तिचे तेरा दिवस पाहुण्यांच्या चहात जातात आणि सांत्वन मुलांचं होतं. तिला बसू द्या, चहा दुसरं कुणीही करील.

कागद

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, आणि ती मृत्यू जिथं झाला तिथं होते. लातूरच्या दवाखान्यात माणूस गेला असेल तर दाखला लातूर महापालिकेकडून मिळेल, अंत्यविधी गावी झाला तरी ग्रामपंचायतीतून मिळणार नाही. घरी मृत्यू झाला असेल तर घरच्यांनीच कळवायचं असतं. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क पडतं, पुढे परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्यावर नाव आधार आणि सातबाऱ्याप्रमाणे आहे ना, हे तिथंच वाचा. सातबाऱ्यावर "गंगाबाई" आणि आधारवर "गंगूबाई" असेल तर वारस नोंद अडते. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायचा. निराधार, श्रावणबाळ किंवा पीएम किसानचे मृत्यूनंतर खात्यात आलेले पैसे एटीएमनं काढू नका, ते वसूल होतात.

तेराव्याला सगळी भावंडं एकत्र असतात म्हणून त्याच संध्याकाळी बहिणींपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला जातो. हे करू नका. हिंदू वारसा कायद्यानं मुलींचा हक्क बरोबरीचा आहे आणि हक्कसोड ही नोंदणीकृत, पुढे सहज मोडता न येणारी गोष्ट आहे. बाप जाऊन तेरा दिवस झालेल्या माणसाची त्यावर सही घेणं चूक आहे. पुढे आत्याचं येणं तुटतं, आणि नातवंडांचं आजोळ किंवा आत्याचं घर आजोबांच्या मागोमाग जातं.

वस्तू आणि आवाज

धोतर, काठी, चंची, अडकित्ता लगेच वाटू किंवा जाळू नका. रूढीनं काही द्यावंच लागलं तर नातवंडांना आधी विचारा, एकेक वस्तू त्यांना निवडू द्या. फोनचं मात्र लवकर पाहा. वापर बंद झालेलं व्हॉट्सअॅप खातं साधारण 120 दिवसांनी काढून टाकलं जातं, रिचार्ज न केलेला नंबर दुसऱ्याला जातो. आवाजाचे संदेश, कॉल रेकॉर्डिंग, फोटो पहिल्या महिन्यातच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. ऐकायची घाई नाही, काहींना वर्षभर ऐकवत नाही.

मदत केव्हा घ्यायची

दुःखात माणूस म्हणतो, "आजीशिवाय घर खायला उठतं." नैराश्यात म्हणतो, "मीच कुचकामी आहे, मी जगून काय करू." पहिल्यात मधूनमधून हसू येतं, भूक लागते, दुसऱ्यात दिवसचे दिवस काहीच गोड लागत नाही. जीव देण्याची भाषा, रोजची दारू, दिवसेंदिवस न जेवणं, कॉलेज किंवा शेत पूर्ण सोडून देणं दिसलं तर थांबू नका, मग महिना झालेला असो वा आठवडा. बाकी वेळी घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रेंगाळलेल्या दुःखाला आजार म्हणण्याआधी किमान 6 महिने धरलेत. अमेरिकी मनोविकार संघटनेनं 2022 मध्ये मोठ्यांसाठी 12 आणि मुलांसाठी 6 महिने धरले. तेवढ्या काळानंतरही रोज तीच तीव्र ओढ असेल आणि जगणं अडलं असेल, तर बोलण्याच्या खास उपचारानं फरक पडतो.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा, किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: माणूस केव्हा गेला, झोप किती तास होते, जेवण किती, आणि आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत. नुसत्या झोपेच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणून घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच देऊ नका, त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.